चौदावा स्लीपर

आश्विनातला दुसरा रविवार होता. सकाळी नऊ वाजेपर्यंत आमच्या ग्रुपवर नऊ फोटो आले होते. सभासद अकरा. एकजण गावी गेलेला, म्हणजे राहिला होता फक्त दत्ताराम परब. नऊ वाजून चार मिनिटांनी तुयेहून त्याचाही फोटो आला. मी डिचोलीला माझ्या घरी, कुझिनातल्या, म्हणजे स्वयंपाकघरातल्या, टेबलावर पाव आणि चहा घेऊन बसलो होतो. नेहमीच्या सवयीने फोटो दोन बोटांनी मोठा केला आणि फलाटाच्या टोकापासून स्लीपर, म्हणजे रुळांखालच्या आडव्या पट्ट्या, मोजायला लागलो. इंजिन एकोणतिसाव्या स्लीपरवर होतं. बाजूला दहाचं नाणं, त्याखाली त्या दिवसाचं कॅलेंडरचं फाडलेलं पान. सगळं नियमाप्रमाणे. वहीत आकडा लिहिला आणि मग फोटोखाली त्याच्या मुलीने लिहिलेली ओळ वाचली. ‘आज सकाळी पावणेआठ वाजता बाबा वारले. फोटो त्यांनी पाठवायला सांगितला होता.’

आधी स्लीपर मोजले, मग ती ओळ वाचली. हा क्रम मी बदलून लिहिणार नाही.

आमचा ग्रुप खेळण्यातल्या आगगाड्यांचा, असं लोक म्हणतात. आम्ही त्याला छोटी रेल्वे म्हणतो. प्लायवूडच्या पाटावर रूळ, स्टेशन, डोंगर, सिग्नल, सगळं खऱ्याच्या सत्त्याऐंशीव्या भागात उभं करायचं आणि त्यावर गाडी चालवायची, असा हा छंद आहे. गोव्यात आणि आसपास तो असणारी माणसं बोटांवर मोजण्याइतकी. वास्कोचे मिनीनबाब, जे रेल्वेच्या यार्डातून निवृत्त झाले, त्यांनी हा ग्रुप सुरू केला. दर रविवारी नऊच्या आत आपल्या पाटाचा एक फोटो टाकायचा आणि खाली आठवड्यात काय काम केलं, गाडीच्या किती फेऱ्या झाल्या ते लिहायचं, एवढीच शिस्त होती. नाण्याचा आणि कॅलेंडरच्या पानाचा नियम मी आणला. मी मोजणी खात्यात नोकरीला आहे, आयुष्य जमिनीच्या हद्दी मोजण्यात गेलं. दहाच्या नाण्याचा व्यास सत्तावीस मिलिमीटर, ते फोटोत असलं की बाकीच्या प्रत्येक वस्तूचं माप काढता येतं. पानाचा नियम नंतर आला. बेळगावकडच्या एका सभासदाने कुठल्यातरी परदेशी पाटाचा फोटो आपला म्हणून टाकला होता. फोटोतल्या विजेच्या खांबांवरून मी ते ओळखलं. तेव्हापासून त्या दिवसाचं पान फोटोत हवंच असं ठरलं आणि तपासायचं काम, कोणी न सांगता, माझ्याकडे आलं. मला ते आवडायचं हेही खरं.

दत्ताराम मला भेटला तो ग्रुप निघायच्या कितीतरी आधी, साधारण बारा वर्षांपूर्वी. तो मूळचा सावंतवाडीकडचा, तुयेच्या औद्योगिक वसाहतीत प्लास्टिकचे साचे काढणाऱ्या कारखान्यात मशीनवर. तो भाड्याने राहायचा त्या घराच्या हद्दीचा वाद होता म्हणून मी मोजणीची साखळी घेऊन गेलो होतो. मागच्या बाजूने मोजत असताना जनेलातून आत नजर गेली तर एक सिग्नल दिसला. बोटाएवढा. लाल हात खाली-वर होणारा. मी साखळी तशीच टाकून आत डोकावलो. आत पेडण्याचं स्टेशन होतं. लाल मातीची खोदाई, बोगद्याचं काळं तोंड, पाण्याची टाकी, फलाटावरचं आंब्याचं झाड. स्लीपर आयस्क्रीमच्या काड्यांचे, चहाच्या पाण्यात बुडवून रंगवलेले. खडी म्हणजे चाळून घेतलेला चिऱ्याचा चुरा. सिग्नलचा खांब बॉलपेनच्या रिकाम्या रिफिलचा.

मी पहिलं वाक्य काय बोललो असेन? म्हणालो, “ब्रॉडगेज या प्रमाणात एकोणीस मिलिमीटरच्या वर पाहिजे. तुमचे रूळ साडेसोळाचे आहेत. पावणेतीन मिलिमीटर कमी.”

त्याने माझ्याकडे पाहिलं, मग पाटाकडे पाहिलं, आणि म्हणाला, “साहेब, गाडी रुळावरसून खाली पडता काय? नाय मां? मगे झाला तर.”

मी हसलो नाही, तो हसला. आमची मैत्री तिथून सुरू झाली आणि शेवटपर्यंत साधारण अशीच राहिली. मी चूक काढायची आणि त्याने ती मान्य करून तशीच ठेवायची. तो मला कायम साहेब म्हणाला. वयाने आम्ही बरोबरीचे, तरी. त्यात थोडी थट्टा होती हे मला कळायला दोन वर्षं लागली. दरवर्षी चतुर्थीच्या आधी त्याचा फोन यायचा, “साहेब, गणपती बसतलो, मोजूक येवा.” मी जायचो. आरती झाली की आम्ही दोघे मागच्या खोलीत. सुलभा वहिनी पातोळ्या तिथेच आणून ठेवायच्या. दत्ताराम गाडी सोडायचा आणि मी घड्याळ लावून एका फेरीला किती सेकंद लागतात ते सांगायचो. त्याला त्या आकड्याचं काही नसायचं. तो फक्त गाडी बोगद्यातून बाहेर कधी येते ते बघायचा. दर वेळी… जणू या खेपेला ती येणारच नाही, अशा चेहऱ्याने. इंजिनाच्या तोंडावर त्याने स्वतः दोन पांढरे मणी बसवले होते, दिवे म्हणून. बोगद्याच्या काळोखातून आधी ते दोन मणी दिसायचे. ते दिसले की म्हणायचा, “इली.” म्हणजे आली.

गेल्या श्रावणात त्याच्या फोटोंत काहीतरी बदललं. काय बदललं ते मी ओळखलं नाही आणि जे ओळखलं त्याचा अर्थ लावला तो चुकीचा. चार रविवार त्याने नियमाप्रमाणे फोटो टाकले, ताजं पान, नाणं, सगळं. खाली लिहिलेलं असायचं, ‘आज दोन फेऱ्या, न थांबता.’ चौथ्या रविवारी मला शंका आली. मी मागचे तीन फोटो काढले आणि चारही शेजारी ठेवून मोजले. चारही फोटोंत इंजिनाचं पुढचं चाक फलाटाच्या टोकापासून बरोबर चौदाव्या स्लीपरवर. फिरून आलेली गाडी हाताने थांबवताना एखाद-दोन स्लीपर मागे-पुढे होणारच. चार वेळा त्याच जागी ती थांबणं अशक्य. म्हणजे गाडी हललेलीच नव्हती.

मी गप्प बसू शकलो असतो. फोन करून विचारू शकलो असतो, “दत्ताराम, बरं आहे ना?” पाच सेकंदांचं वाक्य आहे. त्याऐवजी मी अर्धा तास बसून चारही फोटोंवर लाल रंगाने स्लीपरना आकडे घातले, चौदाव्याला गोल केला आणि ग्रुपवर टाकलं. खाली लिहिलं, ‘चार रविवार, आठ फेऱ्या, आणि इंजिन चौदावरच. श्री. परब यांनी खुलासा करावा.’

मिनीनबाबांचा आवाज लगेच आला, ते लिहीत नाहीत, बोलून पाठवतात. “मोजणीदारान चोर धरलो! दत्ताराम, इंजिनाक डिझेल ना काय रे?” मागोमाग हसऱ्या चेहऱ्यांची रांग. आठ जणांनी टाकले. मीही टाकला, तो नववा.

चाळीस मिनिटांनी दत्तारामचं उत्तर आलं. ‘मोजणी बरोबर आहे साहेब. पुढच्या रविवारी बघा.’

पुढच्या रविवारी इंजिन एकोणिसाव्या स्लीपरवर. त्यानंतर सव्वीस. मग अकरा, तेहेतीस, बावीस, आठ. दर वेळी वेगळं, आणि रुळांचा माथा चांदीसारखा चकचकीत, म्हणजे चाकं फिरताहेत. मी ‘आता बरोबर’ असं लिहिलं आणि आकडे वहीत उतरवत राहिलो. माझ्या मते मी एका मित्राला पुन्हा कामाला लावलं होतं. मध्ये चतुर्थी येऊन गेली. त्याचा फोन आला नाही. मला वाटलं, चारचौघांत चूक काढली म्हणून फुगलाय. मग मीही केला नाही. त्याच पंधरवड्यात मेव्हण्याला सोडायला मी मोपाच्या विमानतळावर गेलो होतो. तिथून तुये पंधरा मिनिटं. परतताना फाट्यावर गाडी हळू केली. संध्याकाळचे साडेपाच झाले होते, घरी पाण्याचा टँकर यायचा होता… मी वळलो नाही. फाट्यावर किती वेळ थांबलो होतो तेवढं मात्र सांगता येत नाही. ते मोजलं नाही.

बातमी आली त्या दिवशी बायकोने एवढंच विचारलं, “आजारी होते का?”

“माहीत नाही.”

“दर रविवारी बघत होता ना त्यांना?”

“गाडी बघत होतो,” मी म्हणालो.

मी आणि मिनीनबाब पोहोचलो तेव्हा सगळं आटोपलं होतं. खरी भेट झाली ती बाराव्याच्या दुसऱ्या दिवशी, मी एकटाच पुन्हा गेलो तेव्हा. वहिनी आणि वाळपईला दिलेली त्यांची मुलगी, दोघीच घरात होत्या. पोटाचा कॅन्सर होता. वैशाखात कळला होता, तेव्हाच उशीर झाला होता. बांबोळीच्या हॉस्पिटलच्या फेऱ्या झाल्या, मग डॉक्टरांनी घरीच ठेवा म्हणून सांगितलं. त्याने कुणाला सांगू दिलं नाही. वहिनींनी एकदा ग्रुपवर कळवूया म्हटलं तर म्हणाला होता, “गाडी बघूक येतत ते, माझा पोट बघूक नाय.”

वहिनींनी मला मागच्या खोलीत नेलं. पाट भिंतीला ठोकलेला, तिथेच. शेजारी त्याची खाट, पाट आणि दार यांच्यामध्ये कशीबशी बसवलेली, इकडची तिकडे करायला जागा नाही. गादी उचललेली होती, खाली नुसती विणलेल्या पट्ट्यांची नवार. इंजिन एकोणतीसवरच होतं.

“शेवटपर्यंत चालवत होता?” मी विचारलं. मला हो ऐकायचं होतं.

वहिनींनी मान हलवली. “खंय भावोजी! श्रावण महिन्यापासून उठले नायत. मीच ठेवी गाडी. तुमचा ता मोजलेला आयला ना, त्या दिवशी पडल्या पडल्या हसले. म्हणाले, साहेबाक फसवचा असात तर पुरता फसवक व्हया. आज स्लीपर मोजल्यान, उद्या रुळाची चकाकी बघतलो.” मग त्यांनी पाटाच्या कडेवरून एक खोडरबर उचलून दाखवलं. शाळेतलं, झिजून चण्याएवढं झालेलं. दर शनिवारी त्या खोडरबराने रूळ घासायच्या. फोटोत मला जी चाकं फिरल्याची चकाकी वाटत होती ती ही.

फलाटाच्या कडेला पेन्सिलीच्या बारीक रेघा होत्या. सात. प्रत्येकीखाली आकडा. एकोणीस, सव्वीस, अकरा, तेहेतीस, बावीस, आठ, एकोणतीस. अक्षर वहिनींचं. माझी वही माझ्या पिशवीत होती. ताडून बघायची गरज नव्हती… तरी मी काढली. सातही जुळले.

“बुधवारपासून आकडो ठरवीत,” वहिनी सांगत होत्या. “ह्या खेपेक आठ करूया काय, साहेब चक्रावतलो. मजा वाटायची तेंका. तुमचो राग नव्हतो हां, तसा काय मनात आणू नकात. माजे हात सुईदोऱ्याचे, ती बारा चाका रुळार बसवीपर्यंत माका घाम फुटायचो. शेवटच्या दिवशीय साडेसाताक म्हणाले, एकोणतीस कर. मी केला. फोटो काढलंय आणि दाखवक वळलंय तर…”

मुलगी आतून पाणी घेऊन आली. मी ते प्यायलो. काहीतरी बोलायचं म्हणून विचारलं, “आधी चार आठवडे चौदावरच का होतं? तेव्हाच पुढे-मागे केलं असतंत तर मला कळलंही नसतं.”

“चौदारच तेंका गाडी दिसायची मां!” त्या म्हणाल्या, इतक्या सहज, जसं हे मला माहीत असायलाच हवं होतं. “तेंका ह्याच कुशीर निजाक जमायचा. दुसरे कुशीर वळले की दुखायचा. मगे माका सांगीत, पुढे… जरा पुढे… हातान नाय गो, बोटान ढकल… आता ऱ्हव. इली. दोनय दिवे दिसाक व्हये, तेंचा तसा होता.”

मी वहिनींना विचारून त्या खाटेवर आडवा झालो. डाव्या कुशीवर, डोकं उशाकडे, नवारीवरच्या त्याच्या खळग्यात. गादी नव्हती म्हणून हाताची घडी डोक्याखाली घेऊन उंची तेवढी केली. तिथून पाटावरचं जवळजवळ काहीच दिसत नाही. पुढ्यात पाण्याची टाकी येते, पलीकडे बोगद्याचा डोंगर, आणि दोहोंच्या मधे दोन बोटांची फट. मी वहिनींना इंजिन हळूहळू मागे आणायला सांगितलं. डोंगराआडून काही दिसेना, काही दिसेना. पंधराव्या स्लीपरवर एक मणी दिसला. तेराव्यावर एक टाकीच्या पायामागे गेला. चौदाव्यावर दोन्ही. फक्त चौदाव्यावर.

“मग फोटो काढून झाल्यावर परत चौदावर का नाही ठेवलं?”

“पहिल्या रविवारी ठेवूक गेलंय,” वहिनी म्हणाल्या. “हातातसून निसटला. तो मागचो हूक मोडलो. तेंका लय लागला ता. मगे म्हणाले, असूं दे, आता रविवारीच हात लाव. साहेबाक फोटो गेलो म्हणजे झाला.”

पहिल्या रविवारपासून सातव्यापर्यंत सहा आठवडे होतात. बेचाळीस दिवस. तेवढे दिवस तो या कुशीवर पडून त्या दोन बोटांच्या फटीतून रिकामे रूळ बघत होता. गाडी त्याच्यापासून हाताच्या अंतरावर होती, कधी टाकीमागे, कधी डोंगरामागे, मी मोजावी म्हणून. आजार माझ्यामुळे झाला नाही, तो माझ्यामुळे एक दिवसही आधी गेला नाही, हे मला कळतं. डॉक्टरांचे कागद मी पाहिले आहेत. पण त्याच्यापाशी बघायला एकच गोष्ट उरली होती आणि ती मी तिथून हलवली. खुलासा करावा, असं लिहून. त्याला मजा वाटत होती असं वहिनी म्हणाल्या. त्या खोटं बोलत नाहीत. तो माझ्यासाठी कोडं रचत होता आणि त्यात रमत होता, हेही खरं असेल. दोन्ही गोष्टींची बेरीज कशी करायची ते मला येत नाही.

निघताना मी त्या खोलीतलं थोडं काम केलं. चिमटा आणि सोल्डरिंगचं सामान त्याच्याच डब्यात होतं. मोडलेला हूक सांधला. पावणेदोन तास लागले. मिनीनबाबांनी फोनवर सुचवलं होतं की हा पाट वास्कोला हलवूया, तिथे तो चालता राहील. मी ते सांगितल्यावर वहिनी म्हणाल्या, “नेल्यात तर रविवारी मी काय करू?” पाट तिथेच आहे. गाडी कशी सोडायची ते मी वहिनींना दाखवून आलो. पहिल्या फेरीला बोगद्यातून मणी बाहेर येईपर्यंत त्या पदराचं टोक दोन्ही हातांत धरून उभ्या होत्या.

ग्रुपवर मी सगळं लिहून टाकलं, इथे लिहिलं तसंच, आकड्यांसकट. मिनीनबाबांनी बऱ्याच वेळाने आवाज पाठवला, त्यात बारा सेकंद फक्त त्यांच्या घरच्या पंख्याचा आवाज होता. मी आणलेले दोन्ही नियम मागे घेतो असंही कळवलं. नाणं आता कोणी ठेवत नाही, पान तर नाहीच. फक्त तुयेहून येणाऱ्या फोटोत दोन्ही असतात. वहिनींना सांगून पाहिलं. त्या म्हणाल्या, तेंची पद्धत होती ती.

त्याला जाऊन आज सात आठवडे झाले. दर रविवारी नऊच्या आत तुयेचा फोटो येतो. खाली फेऱ्यांची संख्या असते, एक किंवा दोन, आणि आता ती खरी असते. फेऱ्या झाल्या की वहिनी इंजिन बोटाने ढकलत, नवारीकडे बघत, त्याच्या जागी आणून ठेवतात. मी मोजणं सोडलं असं लिहिलं तर ते खोटं होईल. चहा बाजूला ठेवतो, फोटो दोन बोटांनी मोठा करतो आणि फलाटाच्या टोकापासून मोजत येतो.

चौदा.